सगळ्यांचं पान

शिट्टीसर संगणकाच्या खोलीतही गळ्यात शिट्टी घालून बसतात. ती वाजवत मात्र नाहीत. खोली लहान आहे आणि मुलं त्याहून लहान. पण शिट्टी काढली की शर्ट घालायचा राहिल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

मी शेजारच्या ग्रंथालयात काम करते. दोन खोल्यांच्या मध्ये लाकडी फळ्यांची भिंत आहे. तिकडे कुणी शिंकलं तर इकडे कळतं. साहित्याची पदवी घेऊन मी या शाळेत पुस्तकांवर क्रमांक चिकटवायला आले. पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, "अगं पुस्तकवाली, चहा आलाय. ये, नाहीतर मी दोन्ही पितो." आमची मैत्री अशी सुरू झाली. ते माझ्या वडिलांहून मोठे आहेत. हे आम्हा दोघांच्याही लक्षात राहत नाही.

सरांचं आयुष्य मैदानावर गेलं. शाळेचा व्हॉलीबॉलचा संघ त्यांनी घडवला. मग गुडघा गेला. डॉक्टरांनी उडी बंद केली. शाळेने मैदानावर तरुण माणूस आणला आणि सरांना दुसरीच्या मुलांचा संगणकाचा तास दिला, कारण तो कुणालाच नको होता. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा 'मोठ्या बाई' म्हणते. त्यांनी सरांना आडपडदा न ठेवता सांगितलं. हे जमलं तर ठीक, नाहीतर भांडार सांभाळायचं. भांडार म्हणजे तळघरातली खोली. खडू, फिनाईल, मोडक्या खुर्च्या. मुलं तिकडे फिरकत नाहीत.

"भांडार चालेल गं," सर मला म्हणाले. "पण तिथे माझ्याशी बोलणार कोण? फिनाईल?"

ते हसले. मी हसले नाही. मुलांशिवाय हा माणूस काय करील ते मला दिसत होतं.

सरांना संगणकातलं फारसं येत नव्हतं. एक गोष्ट तेवढी येत होती. त्यांची मुलगी नोकरीसाठी दूर राहते. तिने आईवडिलांना इंटरनेटवर एक पान करून दिलं होतं. तिघं आपापल्या फोनवरून त्यावर लिहायची. एकाने लिहिलं की दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसायचं. प्रत्येकाचा रंग वेगळा. सामान, औषधं, गॅसवाला कधी येणार, सगळं त्यावर. एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. काकू शिवणकाम करतात. त्या आत मशीनवर होत्या, सर बाहेर फोन घेऊन.

"मी लिहितेय, तुम्ही हात लावू नका," काकू आतून ओरडल्या.

"मी फक्त बिस्किटं लिहितोय."

"तीच तर पुसतेय मी."

"मुलगी बघतेय हं तिकडून. तिला कळतंय कोण पुसतंय."

"बघू दे की. तुमची साखर किती आलीय तेही लिहा, म्हणजे तेही बघेल."

पानावर तिसऱ्या रंगात अक्षरं उमटली. 'भांडू नका. बाबा, बिस्किटं नाहीत म्हणजे नाहीत.'

सरांनी फोन माझ्यासमोर धरला. "बघ. तीन माणसं, एक पान, आणि घर चालतंय. दुसरीच्या पोरांना हे का देऊ नये? सुट्टं सुट्टं बसून 'कमळ, कमळ' किती टाइप करायचं त्यांनी?"

"तिघांत तुमची बिस्किटं वाचली नाहीत, सर," मी म्हटलं. "तिकडे वर्गभर पोरं आहेत."

त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या तासाला पान उघडलं. कुठल्याशा बँकेने जुने झाले म्हणून दिलेले छोटे संगणक प्रत्येकासमोर, आणि भिंतीवरच्या पडद्यावर तेच पान मोठं. विषयही चांगला होता. पुढच्या वर्षी शाळेत पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना शाळेची माहिती द्यायची. सगळ्यांनी मिळून.

मी भिंतीआडून ऐकत होते. आधी शांतता. मग एक हसू. मग किंचाळ्या.

जाऊन पाहिलं तर पडद्यावर धुमाकूळ चालला होता. प्रत्येकाच्या नावाची एकेक रंगीत उभी रेघ पानावर पळत होती. मुलं तिला मुंगी म्हणायची. एकाने 'आ' दाबून धरला होता आणि तो ओळीमागून ओळ पळत सुटला होता. दुसऱ्याचं पुसता येतं हा शोध कुणालातरी लागला होता, आणि असा शोध एकट्याकडे राहत नाही. जो तो पुसत होता. वकील रडत होता. हे नाव सरांनीच ठेवलेलं, कारण तो प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो. "माझं नाव लिहिलं की जातंय," तो हुंदके देत म्हणाला. "मी आहेच नाही असं करतायत."

वकिलाचे वडील दाताचे डॉक्टर, आणि पालक समितीचे अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी ते मोठ्या बाईंच्या खोलीत हजर. माझ्या मुलाचं लिहिलेलं इतर मुलं पुसतात, हे कसलं शिक्षण? मोठ्या बाईंनी सरांना बोलावलं. सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"समिती येऊन तास बघणार," ते म्हणाले. "त्यांना पटलं तर चालू. नाहीतर पान बंद."

"आणि तुम्ही?"

"फिनाईल."

 तिसऱ्या दिवशी सरांनी दुसरीचा वर्ग व्हरांड्यात काढला. संगणक नाहीत. हातात एक हलका चेंडू.

त्यांनी तो मुलांच्या मधोमध उंच टाकला. चारपाचजण धावले, डोकी आपटली, चेंडू खाली पडला. पुन्हा टाकला. आता आपटायच्या भीतीने कुणीच हललं नाही. चेंडू पुन्हा खाली.

"का पडला?" सरांनी विचारलं.

"ह्याने घेतला नाही."

"मला वाटलं ती घेतेय."

"मग तिने सांगायला नको?" सर म्हणाले. "ज्याला घ्यायचाय त्याने ओरडायचं, 'घेतो!' आणि बाकीच्यांनी ओरडायचं, 'सोडला!' दोन्ही पाहिजेत. नुसतं 'घेतो' म्हणजे दादागिरी. नुसतं 'सोडला' म्हणजे आळस."

मुलांना ओरडायची परवानगी मिळाली होती. व्हरांडा दणाणला.

मग त्यांनी दुसरी गोष्ट शिकवली. चेंडू पडला की ज्याच्यामुळे पडला त्याने हात वर करायचा आणि म्हणायचं, "माझा होता." त्यावर कुणी काही बोलायचं नाही. सगळ्यांनी मिळून फक्त "पुढचा!" म्हणायचं.

"रागवायचं नाही?" वकिलाने विचारलं.

"रागावलास तर पुढच्या वेळी तो सांगेल का?"

वकील विचारात पडला.  हे फार क्वचित होतं.

पुढच्या तासाला पान पुन्हा उघडलं. आता कुणीही ओळीला हात लावायच्या आधी ओरडायचं. "नळाची ओळ घेते!" "सोडली!" "जिन्याचं चित्र घेतो!" "थांब, मी आहे तिथे!" "बरं, पुढचं घेतो!" सर मध्ये उभे. ते कुणाच्याही संगणकाला हात लावत नव्हते. मैदानाच्या कडेला उभं राहावं तसे कमरेवर हात ठेवून पडद्याकडे बघत होते. आणि पानावर वाक्यं टिकू लागली. एकाचं अर्धं वाक्य दुसरा पुरं करू लागला. मी दारात उभी राहून बघत राहिले. साहित्य शिकताना आम्ही आधी विचारायचो, लेखक कोण. इथे मी एका ओळीचा लेखक शोधायला गेले तर पाच हात वर झाले.

अडचण आवाजाची होती. मोठ्या बाई व्हरांड्यातून जाताना थांबायच्या. एकदा त्या माझ्याकडे आल्या.

"तुला त्रास होत असेल ना? ग्रंथालय आहे हे."

"नाही बाई. उलट पोरं आता पुस्तकं मागायला येतात. त्यांना जिन्याचं चित्र हवं असतं."

त्यांना हे उत्तर नको होतं. समिती येणार त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी सरांना गाठलं. मी तिथेच होते.

"उद्या आवाज नको, सर. एकही नको. समिती शिस्त बघायला येतेय."

"बाई, आवाज बंद केला तर चेंडू पडेल."

"कसला चेंडू? संगणक आहेत तिथे."

"तेच म्हणतोय."

"सर, मी तुमच्यासाठीच सांगतेय. गोंगाट दिसला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

त्या खरंच त्यांच्यासाठी सांगत होत्या. म्हणून सरांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी मुलांना सांगितलं, उद्या न बोलण्याचा खेळ. मुलं खूश झाली. सर झाले नाहीत.

समिती आली. डॉक्टर आणि आणखी काही पालक. मोठ्या बाई पुढे. खुर्च्या मांडायला मला बोलावलं होतं, मग मी मागेच उभी राहिले. मुलं हाताची घडी घालून बसली होती. पडद्यावर पान. जवळजवळ पुरं झालेलं. शेवटच्या दोनचार ओळी आणि चित्रं तेवढी राहिली होती.

"सुरू करा," सर हळू आवाजात म्हणाले.

बटणांची टकटक सुरू झाली. दुसरा आवाज नाही. मोठ्या बाईंनी समाधानाने डॉक्टरांकडे पाहिलं.

पडद्यावर तीन मुंग्या एकाच ओळीत शिरल्या. एकाने शब्द घातला, दुसरीने तोच पुसला. तिसऱ्याने चित्र ओढलं आणि ते मजकुराच्या मधोमध येऊन बसलं. मुलं मान वर करून एकमेकांकडे बघत होती. ओठ हलत होते. बोलायचं नव्हतं.

खारूताई म्हणून एक मुलगी आहे. सगळ्यांत चपळ. तिला ते चित्र बाजूला करायचं होतं. ते हलेना. तिने काहीतरी दाबलं. अख्खं पान निळं झालं. तिने घाबरून आणखी काहीतरी दाबलं.

पडदा पांढरा झाला.

इतके दिवस लिहिलेलं सगळं गेलं. एक अक्षर राहिलं नाही. 

आणि मग मुलांनी जे केलं ते फक्त दुसरीतली मुलंच करू शकतात. प्रत्येकाला एक युक्ती ठाऊक होती. पानाच्या वर एक उलटा बाण असतो. तो दाबला की चुकलेलं मागे जातं. खारूताई हात मागे घेऊन बसली होती; बाकी सगळ्यांनी एकदम बाण दाबला. पुन्हा पुन्हा दाबला. पण तो बाण ज्याने त्याने केलेलंच मागे नेतो. दुसऱ्याचं नेत नाही. पडद्यावर कधीतरी खोडलेली अर्धीमुर्धी अक्षरं उगवू लागली. एक शेपूट, एक नळ, 'आआआ' अशी एक जुनी ओळ. पान परत येण्याऐवजी त्याची नुसती भुतं येत होती.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "हेच मी सांगत होतो."

"सर, बंद करा ते," मोठ्या बाई म्हणाल्या. 

सर उठले. गुडघा कटकन वाजला, तो मागे मला ऐकू आला.

"हात वर!"

मैदानावरचा आवाज होता तो. त्या खोलीत तो मावला नाही. सगळ्या मुलांचे हात वर गेले. एका पालकाचाही गेला.

"चेंडू पडलाय," सर म्हणाले. "कुणाचा होता?"

 खारूताईची मान खाली. समोर पाहुणे, बाजूला मोठ्या बाई. मला वाटलं, ही नाही बोलणार. मी तिच्या जागी असते तर बोलले नसते.

तिचा आधीच वर असलेला हात आणखी वर गेला. ती बाकावरून उठून उभी राहिली.

"माझा होता."

मोठ्या बाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्याआधीच सगळा वर्ग ओरडला.

"पुढचा!"

लाकडी भिंत हादरली. पलीकडे माझ्या कपाटातलं एखादं पुस्तक पडलं असेल. खारूताईने नाक पुसलं.

"घेते!"

"सोडलं!"

तिने एकटीने बाण दाबला. एकदा.

पान परत आलं. चित्रांसकट, नळासकट, मधोमध बसलेल्या त्या चित्रासकट. मुलं बाकांवर चढली. सर त्यांना खाली उतरवत नव्हते. मग न बोलण्याचा खेळ कुणालाच आठवला नाही. "चित्र घेतो!" "सोडलं!" "शेवटची ओळ घेते!" "सोडली!" "अर्धी मला ठेव!" "ठेवते!" चित्र जागेवर गेलं. भुतं पुसली गेली. ओळी भरल्या. डॉक्टर खुर्चीच्या कडेवर आले होते. ते पडदा बघत नव्हते, आपल्या मुलाकडे बघत होते.

आवाज थोडा ओसरल्यावर ते उठून त्याच्याजवळ गेले.

"तुझी भुताची ओळ कुठे आहे रे? काल घरी सांगत होतास ती. जिन्याखाली भूत आहे म्हणून. ती परत कुणीतरी पुसली ना?"

वकिलाने पडद्याकडे बोट दाखवलं. तिथे लिहिलं होतं, 'जिन्याखाली अंधार आहे. पण तिथे फक्त झाडू आहेत. आम्ही बघून आलो.'

"ही तुझी नाही."

"बाबा, पुसली नाही. मी सोडली." तो वैतागून म्हणाला. "भुताची ओळ वाचून नवीन मुलं रडतील. शेजारच्या हिची ओळ चांगली होती. मग मी बघून यायला गेलो तिच्याबरोबर. 'आम्ही'मध्ये मी आहे."

डॉक्टर म्हणजे दुसऱ्यांची तोंडं उघडायला लावणारा माणूस. त्यांचंच तोंड किंचित उघडं होतं.

मग ते वरपासून वाचू लागले. मोठ्याने.

"'मधला नळ अंगावर पाणी उडवतो. बाजूच्या नळावर जा. रडू आलं तर ग्रंथालयात जा. तिथल्या ताई काही विचारत नाहीत, पुस्तक देतात.'"

सगळे माझ्याकडे वळले. मी खुर्ची सरळ केली. ती सरळच होती.

"'मोठ्या बाई ओरडतात तेव्हा त्यांचा चष्मा नाकावर येतो. त्यांनी चष्मा वर केला की ओरडणं संपलं...'"

डॉक्टर थांबले.  मोठ्या बाईंचा चष्मा नाकावर आला होता. सरांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्यासमोर भांडार उभं राहिलं असावं.

मोठ्या बाईंनी चष्मा वर केला.

"संपलं," मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं.

आधी डॉक्टर हसले. मग एक आई हसली. मग मोठ्या बाई. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्या हसता हसता खारूताईच्या शेजारी इवल्याशा बाकावर बसल्या आणि हात बटणांकडे नेला.

"बाई!" वकील ओरडला. "आधी सांगायचं!"

"घेते," बाई म्हणाल्या.

"ऐकू नाही आलं."

"घेते!"

"सोडली!"

त्यांना टाइप करायला मुलांहून जास्त वेळ लागला. खारूताई बोटाने अक्षरं दाखवत होती. पडद्यावर एकेक शब्द उमटला. 'घाबरू नका. चष्मा सैल आहे.'

पाहुणे गेल्यावर मोठ्या बाई दारात थांबल्या. "सर, तिसरीचाही तास तुम्हीच घ्या. गुडघ्याला झेपेल ना?"

"गुडघ्याचं काय काम आहे त्यात?" सर म्हणाले. "घसा झेपला पाहिजे."

नवं वेळापत्रक लागलं. त्यात सरांचं नाव आठवड्याच्या सगळ्या वारांखाली आहे. घरी काकूंनी ते पानावर लिहिलं, मुलीला तिकडे दिसावं म्हणून. बिस्किटंही लिहिली. फक्त त्या आठवड्यापुरती, असं कंसात.

काल वरच्या मजल्यावरचे एक नवे शिक्षक तणतणत खाली आले. भिंतीपलीकडे तिसरी आणि दुसरी एकत्र बसली होती. कुणीतरी नदी घेत होतं, कुणीतरी पूल सोडत होतं. मी पुस्तकांवर क्रमांक चिकटवत होते. व्हरांड्यात मोठ्या बाई उभ्या होत्या.

"बाई, हा काय प्रकार आहे? वर शिकवता येत नाहीये."

"काही नाही," बाई म्हणाल्या. "लिहितायत मुलं."